दळवी काकांनी पास केलेली गिटार

दळवी काका कुणाच्याही घरी गेले की आधी पंख्याखाली उभे राहतात आणि डोळे मिटतात. घरातली माणसं "या, बसा" म्हणत असतात, पाण्याचा ग्लास पुढे आलेला असतो, पण काकांचं लक्ष वर. मग मान कलते, डावा कान जरा वर जातो आणि निकाल लागतो. "फेल. बेअरिंग कोरडं पडलंय." फार क्वचित, "पास." त्यानंतरच ते बसतात, पाणी पितात आणि तुमच्याकडे बारसं आहे की कुणी आजारी आहे याची चौकशी करतात.

हे वेड नाही हो. काकांनी अख्खी नोकरी अंबरनाथच्या एमआयडीसीत, पंख्यांच्या एका कारखान्यात केली. काम एकच, ऐकायचं. एका बंद खोलीत स्टुलावर बसायचं, समोर एकेक पंखा फिरवायचा आणि घूं आहे का, खरखर आहे का, टकटक आहे का ते सांगायचं. काही म्हणजे काही ऐकू आलं नाही, तर पंखा पास. आता इतकी वर्षं जो माणूस शांततेला पास आणि आवाजाला फेल म्हणत आला, तो रिटायर झाल्यावर काय एकदम गप्प बसणार आहे?

बदलापूर पश्चिमेला आमची चार मजल्यांची सोसायटी आहे. काका आमच्या शेजारच्या दारात राहतात, म्हणजे मी सगळ्यात जवळची आरोपी. पहिल्या मजल्यावरच्या जोशीवहिनींच्या मिक्सरखाली त्यांनी स्वतःच्या पैशांनी रबराची चटई घातली. पाण्याच्या पंपाचा आवाज बदलला म्हणून सेक्रेटरीला झोपेतून उठवलं, आणि दोनच दिवसांत तो पंप जळाला. लिफ्टचंही तसंच. "हिच्यात बसू नका रे, हिचा श्वास लागलाय," म्हणून ते दाराशी उभे राहिले, लोक हसले, आणि संध्याकाळी सेक्रेटरीच आत अडकला. गणपतीत मंडळाच्या पोरांनी भिंतीएवढे स्पीकर लावले तेव्हा काका भांडले नाहीत. समोर जाऊन डोळे मिटून उभे राहिले आणि म्हणाले, "डावा फाटलाय तुमचा." पोरांनी ऐकलं, खरंच फाटला होता. बिचाऱ्यांनी लाजेनं दोन्ही बंद केले.

अशा माणसाच्या शेजारी राहून मला गिटार घ्यायची होती.

कॉलेजात असताना बाबांना म्हटलं होतं. ते म्हणाले, आधी नोकरी बघ. नोकरी बघितली, मग नवरा बघितला, मग मुलीच्या फिया बघितल्या. आता मुलगी पुण्याला शिकायला गेली आणि मी ठरवलं, पुरे झालं बघणं. अंबरनाथला एका दवाखान्यात मी रिसेप्शनला बसते. दिवसभर लोकांचं खोकणं आणि "अजून किती नंबर आहेत हो?" ऐकते. घरी आल्यावर स्वतःचं काहीतरी ऐकावं, एवढंच मागणं होतं. आठ हजारांच्या आत, साधी, लाकडाची गिटार. मोबाइलवर एक सर शिकवणारे मिळाले. ते म्हणाले, "रंगावर जाऊ नका मॅडम. मान सरळ हवी, तार दाबायला बोट दुखू नये, आणि छेडल्यावर आवाज टिकला पाहिजे."

टिकला पाहिजे! म्हणजे सर सांगणार टिकला पाहिजे आणि काका सांगणार आलाच नाही पाहिजे. घरी आणलेली गिटार काकांनी फेल केली की माझी हौस तिथेच संपणार होती. मी भांडकुदळ बाई आहे, रिक्षावाल्यांना विचारा. पण काकांशी कसली भांडू? सुलभाकाकू गेल्याला वर्ष होत आलं होतं. मूलबाळ नाही. काकू गेल्यापासून काकांना चिमण्यांचाही आवाज खुपायला लागला होता आणि सगळी सोसायटी त्यांना सांभाळून घेत होती. त्यात मीच ठणाठणा वाजवत बसले तर लोक काय म्हणतील?

माझा नवरा प्रशांत एरवी फारसं बोलत नाही, पण त्या दिवशी डोकं चाललं त्याचं. "त्यांनाच घेऊन जा निवडायला. स्वतः पास केलेल्या गिटारीची तक्रार कशी करतील?"

मी विचारलं तर काका लगेच तयार. इस्त्रीचा शर्ट, केस पाणी लावून बसवलेले, आणि कानांत कापूस. "रस्त्यात कान खराब होतात. दुकानात गेलो की काढतो," म्हणाले.

पहिलं दुकान अंबरनाथला, स्टेशनच्या बाहेर. दुकानदारानं एक निळी, चकचकीत गिटार पुढे केली. अशी देखणी, की मी पैसे काढायच्याच बेतात. काकांनी कापूस काढला, गिटारीच्या पाठीला कान लावला आणि दुकानदाराला म्हणाले, "वाजवा. एकेक तार. मानेवरच्या प्रत्येक पट्टीवर बोट ठेवून." तो वैतागत वाजवू लागला. मध्येच काकांनी हात वर केला. "खरखर. ही तार, ही पट्टी."

"काका, नवीन पीस आहे," दुकानदार म्हणाला.

"नवीन पंख्यालासुद्धा असते. परत वाजवा."

परत वाजवलं. या खेपेला मलाही ऐकू आलं. तार खालच्या पट्टीला घासत होती, माशी अडकल्यासारखी. मान जराशी वाकडी होती. रात्री सरांना सांगितलं तर ते म्हणाले, "कोण आहेत हे? मला नंबर द्या त्यांचा." माझी छाती अशी फुगली, जणू तो कान माझाच.

पुढच्या रविवारी सोनिवलीला. तिथल्या नव्या टॉवरमध्ये एका जोडप्याला जुनी गिटार विकायची होती. काका आत शिरले ते पंख्याखाली जाऊन थांबले. नवरा-बायको एकमेकांकडे बघायला लागले. मी म्हटलं, "एक मिनिट हं, त्यांचं होऊ दे." पंखा फेल झाला आणि मग गिटार आली. काकांनी कान लावला, त्या नवऱ्यानं तार छेडली आणि काकांचा चेहरा असा उजळला, की ज्याचं नाव ते.

"पास!"

मी त्यांच्या तोंडून इतका मोठ्यानं पास कधी ऐकला नव्हता. पण मी काय ऐकलं ते सांगते. कपाटाचं दार ठोठावल्यावर येतो तसा आवाज. ठक, आणि संपला. "बघ, कशी थांबते लगेच!" काका कौतुकानं म्हणाले. "शिस्तीची आहे. सांगितल्याशिवाय बोलत नाही."

आता माझी पंचाईत. हीच घेतली तर आयुष्यभर तक्रार येणार नाही, पण वाजवायचं काय, डोंबल? मी त्या दोघांना "कळवते" म्हणाले आणि रिक्षात बसल्यावर मन घट्ट करून बोलले. "काका, गिटारचं उलट असतं. आवाज टिकायला हवा."

"टिकतो तो दोष."

"पंख्यात दोष. इथं तोच गुण."

काकांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं मी त्यांच्या पेन्शनवरच बोलले. मग खिशातून कापूस काढला आणि दोन्ही कानांत घातला. घर येईपर्यंत काढला नाही.

आठवडाभर काका दिसले नाहीत. मी म्हटलं, गेली गिटार आणि गेले शेजारीही. आमच्याकडे मिक्सरसुद्धा घाबरत घाबरत फिरत होता. प्रशांत म्हणाला, "सोनिवलीचीच घेऊन टाक ना." मी म्हटलं, "तूच वाजव मग." दोघं त्यावर नीट भांडलोसुद्धा नाही, हळू आवाजात भांडायला मजा येत नाही.

रविवारी बेल वाजली. दारात काका, इस्त्रीचा शर्ट घालून.

"उल्हासनगरला चल. तिथं सगळं मिळतं. नाही मिळालं तर ते बनवून देतात."

उल्हासनगरच्या कॅम्पातल्या एका दुकानात दाराशी हार्मोनियम, वर ढोलकी टांगलेल्या आणि मागे भिंतभर गिटारी. दुकानदार सिंधी, काकांच्याच वयाचा, बनियनवर बसलेला. माझं बजेट ऐकून त्यानं नाक मुरडलं नाही. "बहेनजी, इस बजेट में शो मत देखो, आवाज देखो," म्हणाला आणि वरून एक साधी, भुऱ्या रंगाची गिटार काढली. ना चमक, ना नक्षी. माझी बोटं तारांवर ठेवून बघितली, दुखली नाहीत. मानेवरून एक डोळा मिटून बघितलं, सरळ होती. आता उरले काका.

काकांनी कापूस काढला, पाठीला कान लावला. दुकानदारानं सगळ्या तारा एकदम छेडल्या.

आवाज उठला आणि राहिला. मी काकांच्या तोंडाकडे बघत होते. आता फेल, आता फेल. आवाज बारीक होत गेला, आणखी बारीक, बाहेर रिक्षांचे हॉर्न वाजत होते तरी तो होताच. काका हलले नाहीत.

"परत," ते म्हणाले.

त्यानं परत छेडली.

"परत."

"काका, ये गिटार है, पंखा थोडी है," दुकानदार हसून म्हणाला, कारण मी येताच त्याला सगळं सांगून ठेवलं होतं. पण छेडली त्यानं. काकांचे डोळे मिटलेले. या वेळी आवाज पूर्ण विरल्यावरही त्यांनी कान काढला नाही. मग सरळ झाले आणि भिंतीकडे बघत म्हणाले, "ही घे." पास नाही, फेल नाही, नुसतं, ही घे.

घासाघीस मीच केली. एरवी काकांच्या हातात असती तर दुकानदाराची खैर नव्हती, पण ते बाहेर जाऊन उभे राहिले होते. बाजूला सोड्याची गाडी होती. आम्ही दोघं लिंबूसोडा घेऊन बाकावर बसलो, मध्ये गिटार.

"सुलभा गुणगुणायची," काका एकदम म्हणाले. "पोळ्या लाटताना. शब्द नाहीत, सूर पण धड नाही, नुसतं नाकातनं. मी दिवसभर त्या खोलीत कानाचं काम करून यायचो. घरी आलो की म्हणायचो, बाई, तेल घाल गं बेअरिंगला."

मी हसले. ते हसले नाहीत.

"चेष्टेनंच म्हणायचो. पण तिनं बंद केलं. मी नसलो की चालू, माझी चाहूल लागली की बंद. मला जिन्यातनंच ऐकू यायचं. मग मी वर यायचोच नाही. तिथंच उभा राहायचो. जोशी विचारायचा, काय दळवी, दम लागला का? मी म्हणायचो, हो. वरती गेलो असतो तर थांबली असती ना ती." त्यांनी सोड्याचा ग्लास बाकावर ठेवला. "अजून थांबतो जिन्यात. इतकी शांतता आहे घरात, पंखासुद्धा पास आहे."

दिवसभर काउंटरवर ज्याला त्याला धीर देते मी, "होईल बरं" म्हणते. काकांना मात्र तेवढंही म्हणवेना मला. परतीच्या रिक्षात गिटार त्यांनीच मांडीवर धरली होती. कापूस खिशातच होता.

गिटार आली. पण ते सगळं ऐकून घेतल्यावर माझा हातच होईना. त्यांच्या दुखऱ्या जागेवर आपण रोज टणटण करायची? म्हणून मी पलीकडच्या बेडरूममध्ये, दार लावून, तारांखाली हातरुमाल सारून वाजवायला लागले. प्रशांत म्हणाला, "मलाच ऐकू येत नाही, त्यांना काय येणार?" तेच तर हवं होतं मला.

आणि तरी एका संध्याकाळी बेल वाजली. दारात काका. कपाळावर आठी, डावा कान वर. तो चेहरा अख्खी सोसायटी ओळखते. आमच्या पंख्याखालीसुद्धा थांबले नाहीत ते.

"मीनल, तक्रार आहे."

मी दारातच सफाई द्यायला लागले. "काका, मी दार लावते हो. रुमालसुद्धा घालते तारांत. तुम्ही म्हणाल तर..."

"तीच तक्रार आहे. काही ऐकू येत नाही." ते जरा घुटमळले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुझा ओटा आणि आमचा ओटा, मधली भिंत एकच आहे. स्वयंपाकघरात बसत जा. तुझ्या पोळ्या झाल्या की."

एवढं बोलून गेले. मी काही म्हणायच्या आत दारही लागलं त्यांचं.

त्या संध्याकाळी पोळ्या डब्यात भरल्या, पीठ पुसलं, स्टूल ओट्याशी ओढलं आणि रुमाल काढून टाकला. मला एकच सूर जेमतेम येत होता. तो छेडला. भांड्यांच्या मांडणीवरून फिरत, हळूहळू विरत, तो कितीतरी वेळ राहिला. आणि विरत असतानाच भिंतीपलीकडे कुणीतरी खुर्ची ओढत ओढत जवळ आणली.

मला रडू फुटलं. बोट घसरलं, तार सरळसरळ खरखरली. मी थांबून वाट बघितली. पलीकडून कुणी फेल म्हणालं नाही. मग डोळे पुसले आणि तोच सूर पुन्हा वाजवला.