सासूबाईंच्या तीन कादंबऱ्या

गावच्या ग्रंथालयात शिरल्या शिरल्या एक फळी होती, 'डेस्मंड सुचवतो'. फळीवर तीनच कादंबऱ्या, आणि तिन्ही कॉरलीबाईंच्या, म्हणजे ग्रंथालय सांभाळणाऱ्या डेस्मंडच्या सख्ख्या सासूच्या. त्यांच्या समाजात जावयाने सासूचं नाव घ्यायचं नसतं, म्हणून तो नुसते ओठ पुढे काढून फळी दाखवायचा. "न्या बिनधास्त! रडू आलं नाही तर मला विचारा!" लोक पुस्तकं न्यायचे आणि परत देताना त्याच्याकडे बघून गालातल्या गालात हसायचे. काय मान आहे आपल्याला, असं वाटून डेस्मंड फुलून जायचा. स्वतः मात्र त्याने एक पानही वाचलं नव्हतं.

एक दिवस ॲलिस शहरातून बदलून आलेल्या ग्रंथालयाच्या साहेबीणबाई म्हणाल्या, "उद्या लेखिकेला बोलावलंय. मुलाखत तू घ्यायचीस."

"छे छे, बाई! सासू आहे ती माझी. आमच्यात जावयाने सासूकडे बघायचंसुद्धा नसतं, बोलणं तर सोडाच!" रीत इतकी गोड त्याला कधीच लागली नव्हती.

घरी आला तर बायको, रॉन्डा, म्हणाली, "आईशी बोलले मी. मधे कपाट ठेवायचं. तू मागून विचार, मी तिला सांगते. पुस्तकं वाचलीयस ना पण?"

"वाचलीयस म्हणजे काय? पाठ आहेत!"

तोंडातून गेलं खरं. सकाळी फळीकडे धावला, तर फळी रिकामी. सगळ्या प्रती त्याच्याच शब्दावर गावात गेलेल्या. आता कुणाच्या दारात मागायला जायचं, आणि कुठल्या तोंडाने?

संध्याकाळी सगळं गाव पुस्तकं घेऊन हजर. कपाटामागे डेस्मंडला दरदरून घाम फुटला होता.

"रॉन्डा, त्यांना विचार, शेवट इतका करुण का केला?"

रॉन्डा जाऊन आली. "आई म्हणते, कुठला शेवट?"

"तो... घोडा मरतो तो."

"घोडा?" पहिल्या रांगेतले लॉइडकाका चहात डॅम्पर पावाचा तुकडा बुडवता बुडवता थांबले. "अरे बाबा, घोडा कव्हरवर आहे. आत कुठाय?"

सभा खो खो हसली. मागून कुणीतरी ओरडलं, "लाज रे लाज!" डेस्मंडचे कान तापले. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्याला झालं.

तेवढ्यात पलीकडून कॉरलीबाई लेकीला म्हणाल्या, "रॉन्डा, त्याला म्हणावं, निदान पहिलं पान तरी उघड."

रॉन्डाने लोकांकडून घेतलेली तीन पुस्तकं त्याच्या मांडीवर ठेवली. त्याने पहिलं उघडलं. 'माझ्या जावयास. तुझ्याशी बोलता येत नाही, म्हणून लिहिलं.' दुसऱ्यात, 'जावयास, पुन्हा एकदा.' तिसऱ्यात, 'जावयास. अजून वाचलं नाहीस ना?'

"तुला माहीत होतं?" त्याने खालमानेने विचारलं.

"सगळ्या गावाला माहीत होतं."

डेस्मंडने पहिलं पुस्तक पुन्हा उघडलं. "त्यांना सांग, मी वाचतो. इथेच बसून वाचतो. सगळे गेल्याशिवाय मी काही बाहेर यायचा नाही."

रॉन्डा गेली आणि परत आली.

"आई म्हणते, सावकाश होऊ दे. चौथी लिहायला घेतलीय."