अर्ध्या जिन्यातलं कपाट

नव्या घरात सनमायकाचं कपाट घ्यायचं नाही, एवढंच जयवंत तावडेने ठरवलं होतं. (त्याने स्वतःहून काही ठरवलं की घरात धडधड सुरू होते, हे अनुपमाला लग्नानंतर लवकरच कळलं होतं.)

परळच्या चाळीतली खोली सोडून दोघं मुलुंडला, एका सोसायटीच्या तिसऱ्या मजल्यावर नुकतीच राहायला आली होती. लिफ्ट नव्हती, पण संडास घरात होता, त्यामुळे जयवंतला आपण विलायतेत आल्यासारखं वाटत होतं. त्यातच गोदीच्या कचेरीतली एक फाइल द्यायला तो साहेबांच्या बंगल्यावर गेला आणि तिथला जुन्या सामानाने सजवलेला हॉल बघून पार बिघडून परत आला.

"नवं सामान काय, कुणीही घेतं गं," तो म्हणाला. "जुन्याला घराणं असतं."

"चाळीतलं आपलं सगळं जुनंच होतं की. ते तुम्ही भंगारवाल्याला दिलंत."

"ते जुनं नव्हतं, जुनाट होतं!"

मग दर रविवारी चोरबाजार. आधी जहाजावरचा कंदील आला. मागोमाग ग्रामोफोनचं पितळी शिंग आलं. ग्रामोफोन आला नाही. अनुपमा त्या शिंगात कांदे ठेवू लागली. आणि शेवटी आलं ते कपाट. शिसवी, डोक्यावर कोरीव मुकुट, आत फळ्या नाहीत, फक्त कोट टांगायची एक आडवी दांडी. कुठल्याशा गव्हर्नरचे कोट त्यात टांगलेले असत, असं दुकानदार म्हणाला. गव्हर्नर चांगलाच धिप्पाड असावा.

रविवारी दुपारी टेम्पोतून कपाट उतरलं. दोन हमालांनी ते दुसऱ्या मजल्यापर्यंत चढवलं. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यांच्या मधल्या वळणावर मात्र ते थांबलं. वरून अनुपमा सांगत होती, "डावीकडे घ्या!"

"कुणाच्या डावीकडे?" खालून जयवंत ओरडला.

"माझ्या!"

"मग माझ्या उजवीकडे म्हण ना!"

हमालांनी कपाट एकाच वेळी दोन्हीकडे घेतलं. मुकुट वरच्या जिन्याच्या पोटात जाऊन रुतला, एक कड भिंतीला भिडली, दुसरी कठड्याच्या सळयांत घुसली. दारं वरच्या बाजूला, पाठ खालच्या बाजूला. पुढचे पाय वळणावर, मागचे दोन हवेत लटकलेले. ते वर जाईना, खाली येईना.

"शेठ, जरा खांदा लावून धरा," हमाल म्हणाला. "हम चाय पीके आते हैं."

जयवंतने बनियनवरच खाली बसून कपाटाखाली खांदा लावला. हमाल चहा प्यायला गेले. ते आजतागायत चहा पीत असावेत.

एवढ्यात वरून मालनवहिनींचा आवाज आला. मालनवहिनी म्हणजे चौथ्या मजल्यावरच्या सेक्रेटरी शिवदास राण्यांच्या पत्नी.

"अनुपमा, अगं हे काय? आमच्या शुभाला बघायला मंडळी येतायत! हे स्टेशनवर आणायलासुद्धा गेलेत!"

खाली जयवंतने ते ऐकलं. शुभाची याआधीची स्थळं कधी पत्रिकेवरून, कधी मानपानावरून फिसकटली होती. मुलगी गुणी, मुलुंडच्याच एका कारखान्यात नकाशे काढायची नोकरी. पण राणे हल्ली जिन्यात भेटले तरी हसत नसत. आणि आता हे स्थळ आपल्या कपाटावरून फिसकटणार! सोसायटीत आपलं नाव काय उरणार? सोसायटीच कशाला, परतून चाळीत जायचं तरी तोंड कुठलं? त्याने वर ढकलून बघितलं. कपाट कुरकुरलं आणि थोडं आणखी त्याच्या अंगावर रेललं.

"अनुपमा! जरा ओढ ना!"

"ओढतेय! तुम्ही ढकला!"

"मी ढकलत नाहीये, मी मरतोय!"

खालून पावलं वाजली. "या, या, सांभाळून," असं म्हणत राणे पुढे आले, आणि कपाटाची पाठ बघून थिजले. मूळ कणकवलीचा माणूस. रागावला की बोलता बोलता थेट गावी पोहोचायचा.

"तावड्यांनू, ह्यां काय मरे?"

"कपाट," जयवंत खालून म्हणाला. दुसरं काय सांगणार?

राण्यांच्या मागे कांदिवलीची मंडळी होती. मुलगा चंद्रप्रकाश, त्याची आई वनमालाबाई आणि सफारीतले मामा, राजारामपंत. मामांनी कपाटाकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. "शिवदासराव, अडथळा म्हणजे अपशकुन हो. आम्ही असं करतो, पुन्हा कधीतरी येतो."

'पुन्हा कधीतरी' म्हणजे काय, हे मुलीच्या बापाला समजतं. राण्यांचा चेहरा पडला. तो जयवंतला दिसला, कारण पडलेला चेहरा जिथे येतो, बरोबर त्याच उंचीवर तो वाकून बसला होता. त्या क्षणी जमिनीने पोटात घेतलं असतं तर तो आनंदाने गेला असता. पण कपाट सोडता येत नव्हतं.

आणि तेवढ्यात कपाटाच्या आतून आवाज आला. ठक. ठक. ठक.

वनमालाबाईंनी मुलाचा दंड धरला. पाठीची एक फळी हलली, उचकटली आणि सुटून आत गेली. त्या फटीतून गुलाबी काठपदराची साडी, केसांत अबोलीचा गजरा आणि हातात हातोडी, अशी शुभा दिसली. वरच्या बाजूने दारं उघडून ती सरळ कपाटात शिरली होती.

"बाबा, पाठीच्या फळ्या नुसत्या ठोकलेल्या आहेत," ती म्हणाली. "काढल्या की वाट होते." मग तिचं लक्ष समोरच्या तरुणाकडे गेलं. नमस्कार करायचा तर हातोडी कुठे ठेवायची? "तुमच्या बाजूचा तो खिळा जरा ओढता का?"

तिने फटीतून पुढे केलेली पक्कड चंद्रप्रकाशने घेतली. "हा?"

"तो नाही, खालचा. वाकडा आलाय बघा."

"येतोय. तुम्ही फळी धरा."

मालनवहिनी पलीकडून कळवळत होत्या, "अगं, साडी! आधी पोहे तरी घेऊन ये!" कुणी ऐकत नव्हतं. एकेक फळी निघत होती आणि दोघं बोलत होती. तो नाहूरच्या एका कारखान्यात फोरमन होता. तिने विचारलं, कुठली मशिनं? त्याने सांगितलं. ती हसली. जयवंतला वरचं काही दिसत नव्हतं, फक्त त्याच्या मानेवर भुसा पडत होता. फळ्या निघाल्या आणि कपाट मोकळं होऊन आपल्यासकट घरंगळलं तर? मुलगा, मुलगी, मामा, गव्हर्नर, सगळे एकदम दुसऱ्या मजल्यावर!

शेवटची फळी निघाली. तिच्या मागे, खोक्यांवर असतं तसं, काळ्या शाईत ठळक छापलं होतं, 'चहा. ओल्यापासून जपा.' गव्हर्नरचं घराणं तिथेच आटोपलं.

पण वाट झाली. मंडळी खालच्या पायरीवरून कपाटात चढू लागली. आधी चंद्रप्रकाश, मग पदर खोचून वनमालाबाई. प्रत्येक पावलाला जयवंत थोडा थोडा बुटका होत गेला. मामा चढले तेव्हा त्याला थेट कैलासाची वाट दिसली. शेवटी राणे आत शिरले आणि पलीकडून वाकून म्हणाले, "तावड्यांनू, हलू नका हां."

वरून पोह्यांचा वास आला. हसण्याचा आवाज आला. मग कपबशा वाजल्या. तासाभराने मंडळी तशीच कपाटातून परत उतरली. शेवटी राणे कपाटात बसकण मारून, डोळे पुसत म्हणाले, "पसंत आहे. मुलगा म्हणतो, लग्न करीन तर हिच्याशीच."

जयवंतच्या डोळ्यांत पाणी आलं. थोडं आनंदाचं, बरंचसं खांद्याचं.

संध्याकाळी शेजाऱ्यांनी खाली बांबूचा टेकू दिला, तेव्हा कुठे जयवंतचा खांदा सुटला. दुसऱ्या दिवशी सुताराने ते कपाट जिन्यातच सुटं केलं. अनुपमाने लोखंडी कपाट आणलं आणि जयवंतने त्याचं घराणं विचारलं नाही.

साखरपुड्याला तो कडक इस्त्रीचा नवा शर्ट घालून, अत्तर वगैरे लावून गेला. लग्न जुळलं ते आपल्यामुळे, असं त्याला मनातून वाटत होतं आणि कुणीतरी ते चारचौघांत बोलून दाखवावं म्हणून तो मांडवात मुद्दाम मध्यभागी उभा होता. राजाराममामांनी त्याला लांबून ओळखलं. लगबगीने आले आणि प्रेमाने पाठीवर थाप मारली.

"अरे वा, तू पण आलास! बरं झालं. त्या दिवशी काय खांदा लावला होतास रे! आमचा फ्रीज चौथ्या मजल्यावर चढवायचाय. कधी जमेल?"

जयवंतने मान ताठ केली. आपण हेडक्लार्क आहोत, हे सांगायला तोंड उघडलं. पण अनुपमा शेजारीच होती.

"रविवारी येतील की," ती गोड हसून म्हणाली. "फक्त मामा, चहा वरच पाजा हां. खाली सोडलंत तर परत यायचे नाहीत."