वस्तीचा कोट

वऱ्हाडाचा टेम्पो घोडेगाव ओलांडून नगरच्या रस्त्याला लागला, तेव्हा कुठे रखमाजीला कोटाची आठवण झाली.

"अगं, नवरदेवाचा कोट कुठल्या पिशवीत हाय?"

कलाबाईने ऐकू न आल्यासारखं केलं. टेम्पोत ढोलकी वाजत होती, त्यामुळे ते जमण्यासारखंही होतं. पण रखमाजीने पुन्हा ओरडून विचारलं आणि नेमकी ढोलकी थांबली.

"नगरला हाय," ती म्हणाली.

"नगरला?"

"मंग? आपन काय मुंबईला चाललोय व्हय? नगरलाच चाललोय ना?"

सोनईजवळच्या त्या वस्तीचा जीव या कोटात होता. वस्तीतला सूर्यभान मुंबईला पळण्याआधी रखमाजीच्या पडवीत शिलाई मशीन चालवायचा. रखमाजीचं लग्न ठरलं तेव्हा त्याने दोस्तासाठी हा गडद निळा कोट शिवला आणि पुढे कुणालाही वाढवून घालता यावा म्हणून आत जादा कापडाची माया भरपूर सोडली. तेव्हापासून वस्तीतला एकही नवरदेव या कोटावाचून मांडवात उभा राहिला नव्हता. कुणासाठी तो उसवला, कुणासाठी आत घेतला, पण त्याने कुणाला नाही म्हटलं नाही. सूर्यभान तिकडे मुंबईत 'सूर्या' झाला, मोठमोठ्या लोकांचे कपडे बेतू लागला, वर्तमानपत्रात त्याचे फोटो येऊ लागले. कोट मात्र गावातच राहिला.

सम्राटला तर या कोटाखेरीज लग्नात दुसरं काहीच नको होतं. तो तान्हा असताना त्याचा बाप गेला. रखमाजी आणि कलाबाई या चुलता-चुलतीने त्याला वाढवलं. बापाचा घरात एकच फोटो होता, लग्नातला, आणि त्यात बापाच्या अंगावर हा कोट होता. फोटोत बापाचे दोन्ही हात उगाच पुढे आलेले दिसत. फोटोवाल्याने तसं उभं केलं असेल, असं सम्राट समजत आला होता.

आता हा कोट नगरला कसा पोचला, तर नगरात काही कापड व्यापाऱ्यांनी मिळून एक नवं वस्तुसंग्रहालय काढलं होतं. तिथल्या अश्विनी मॅडम महिन्यापूर्वी जीप घेऊन वस्तीवर आल्या. सूर्याच्या कपड्यांचं प्रदर्शन भरणार होतं. "कोट आम्ही नीट स्वच्छ करू, इस्त्री करू आणि थोडे दिवस मांडून ठेवू," असं त्या म्हणाल्या. कलाबाईच्या कानात त्यातली धुलाई आणि इस्त्री तेवढी शिरली. लग्नाआधी कोट फुकट धुऊन निघतोय म्हटल्यावर कोण नाही म्हणेल? पुढे पाहुण्यांची तारीख मिळेना म्हणून उद्घाटन लांबलं आणि नेमकं लग्नाच्या दिवशी येऊन बसलं. तसा निरोपही आला होता. पण नवऱ्याला सांगायचं धाडस कलाबाईला झालं नाही.

"म्हनलं जाता जाता घिऊ," ती म्हणाली.

लग्न दुपारी बाराला होतं. रखमाजीने कपाळावर हात मारला आणि टेम्पो संग्रहालयाकडे वळवायला सांगितला.

टेम्पोत बसून राहायला कुणीच तयार होईना. रखमाजीमागे सम्राट, सम्राटमागे करवल्या, करवल्यांमागे ढोलकीवाला, अशी सगळी मंडळी चपला दाराशी काढून आत शिरली. आत प्लास्टरचे पुतळे नाना तऱ्हेचे कपडे घालून उभे होते. सूर्याच्या नावावर एक फॅशन जमा होती, ती म्हणजे गडद कापडावर मुद्दाम उघडे दिसणारे पांढरे टाके. देशभरच्या शिंप्यांनी ती उचलली होती. सोनईच्या बाजारातसुद्धा तसले शर्ट टांगलेले असत.

"ह्याचा रंगीत दोरा संपला हुता का काय?" कलाबाई म्हणाली. "समद्याला पांढरंच टाकं."

"अन् हिला पाठच न्हाई केली," शेजारची रंगुबाई एका झगा घातलेल्या पुतळीकडे बघून हळहळली.

"एवढं कापड घोळाला घातल्याव पाठीला कुठून पुरंल?"

दालनाच्या मधोमध, दोरीच्या कुंपणात, एका पुतळ्याच्या अंगावर वस्तीचा कोट होता. इस्त्री खरोखरच सुरेख केली होती. खाली पाटी होती: 'सूर्या यांची पहिली निर्मिती. हात लावू नये.'

"हात न्हाई लावत," रखमाजी म्हणाला, "घालतो."

अश्विनी मॅडम धावतच आल्या. "अहो काका, थांबा! उद्घाटन आहे आज. सूर्या सर स्वतः येतायत. कोट आता हलवता येणार नाही."

"बाई, कोट तुमचा का आमचा?"

"तुमचाच. पण सध्या तो प्रदर्शनात आहे."

"अन् सध्या आमचं लगीन हाय."

दोघांचंही म्हणणं बरोबर होतं, त्यामुळे वाद मिटेना. शेवटी सम्राट पुढे आला. "मॅडम, माझ्या बापाचा फोटो ह्या कोटात हाय. माझाबी एक हू द्या. मंग ठिवा तुमी. मी ह्या सफारीवर लगीन लावतो."

मॅडमही माणूसच होत्या. "दोनच मिनिटं," त्या म्हणाल्या. "आणि दोरीच्या आतच."

कोट काढायला माणसं पुढे झाली आणि तिथे सगळं बिनसलं. जिवंत नवरदेव हात वाकवतो, पुतळा वाकवत नाही. रखमाजीने बाही जराशी ओढली, तर बाहीसोबत आख्खा हात बाहेर आला. मॅडम मटकन खाली बसल्या. कलाबाईने मात्र वेळ दवडला नाही. तिने हात उचलून आपल्या पिशवीत टाकला, वर हळदीच्या पुड्या ठेवल्या आणि सम्राटची सफारी पुतळ्याला चढवली.

"ते कशाला?" मॅडमनी क्षीण आवाजात विचारलं.

"मानूस हाय, बाई. उघडा कसा ठिवायचा?"

सम्राटने कोट अंगात घातला. खांदे, छाती, बाही, सगळं बापाच्या मापाचं, आणि तेच त्याचंही निघालं. रखमाजीने डोळे पुसले. तेवढ्यात बाहेर मोटारींचे दरवाजे वाजले. पाहुणे वेळेआधी आले होते. मॅडमनी थोटा झालेला पुतळा पडद्यामागे ढकलला आणि सम्राटला हात जोडले. "आता तुम्हीच उभे राहा. हलू नका!"

सूर्या आत आला. पांढरे केस, डोळ्यांवर सोनेरी काड्यांचा चष्मा. मागे हार घेतलेली मंडळी. एवढी गर्दी बघून आयोजक खूश झाले. ती अनवाणी का उभी आहे, हे मात्र त्यांना कळेना. सूर्या एकेक कपडा बघत मधल्या दोरीपाशी आला आणि थांबला.

"मॅडम," तो म्हणाला, "या पुतळ्याला घाम येतोय."

सूर्याने दोरी ओलांडली, सम्राटचं मनगट धरलं आणि शिंप्याच्या सवयीने बाहीची कड चाचपली. गडद निळ्या कापडावर तिथे पांढऱ्या दोऱ्याचे ठसठशीत टाके होते. त्याने त्यांच्यावरून अंगठा फिरवला. मग त्याने चष्मा काढून गर्दीवर नजर फिरवली आणि ती रखमाजीवर येऊन थांबली.

"जय भीम, रखमा."

"जय भीम. वळखलं म्हनायचं!"

"वैनी, हा टाका कुनाचा, ध्यानात हाय का?" मुंबईची भाषा त्याच्या तोंडातून कधी गळाली ते त्यालाही कळलं नाही.

"सासूबाईंचा. भागूबाईंचा," कलाबाई म्हणाली. "धाकल्याच्या लगनाला बाही आखूड झाली. सासूबाई सकाळी वाढवाया बसल्या, तर निळा दोरा संपलेला."

"मी हुतो की त्या लगनाला!" सूर्या सम्राटकडे वळला. "तू पुंजारामचा ल्योक व्हय? आरं, मांडवात लोक फिदीफिदी हसाया लागलं. म्हनलं आता पुंजाराम हात पाठीमागं दडवतोय. तर तुजा बाप दोन्ही हात असं पुढं धरून चालला! समद्यास्नी टाकं दिसावं म्हनून. म्हनला, माझ्या आईनं घातल्यात. लोकांचं हसू तिथंच थांबलं. मी मुंबईला गेलो ते त्योच टाका डोक्यात घिऊन."

सम्राटला घाम आला होताच, त्यात आता डोळेही भरून आले. बाप कसा चालायचा, हे त्याला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी सांगितलं होतं.

"मॅडम, पाटी चुकली तुमची," सूर्या म्हणाला. "आणि कोट लग्नाला चाललाय. मीही चाललोय." त्याने कात्री मागवली, फीत कापली आणि गडबडीत कात्री खिशात घालून तो टेम्पोत चढला. मॅडमना आणि हार घेतलेल्या मंडळींना मागोमाग येण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

मंगल कार्यालयात बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरींसमोर पांढऱ्या साडीत दीपा उभी होती. सम्राट आला तो दोन्ही हात पुढे धरूनच.

"हातांना काय झालं?" तिने हळूच विचारलं.

"काय न्हाई. आमच्यात असंच चालत्यात."

जेवणाच्या पंगतीत कलाबाईने मॅडमना आग्रह करून दुसऱ्यांदा बुंदी वाढली आणि पिशवीतून हात काढून त्यांच्या मांडीवर ठेवला. हाताला थोडी हळद लागली होती. "लगनातनं आलाय, हू द्या," ती म्हणाली. मॅडमना हसावं की रागवावं कळेना. शेवटी त्या हसल्या.

चार दिवसांनी रखमाजी स्वतः कोट घेऊन संग्रहालयात गेला. पुतळ्याचा हात जोडून झाला होता आणि अंगावर अजून सम्राटची सफारी होती. रखमाजीने ती घडी करून पिशवीत भरली, कोट आपल्या हाताने पुतळ्याला चढवला, या वेळी फार जपून, आणि मॅडमना वस्तीतल्या पंकजच्या लग्नाची तारीख सांगून ठेवली. तिथे आता नवी पाटी आहे:

'नवरदेवाचा कोट. शिवण: सूर्या. बाहीचे पांढरे टाके: भागूबाई. लग्नसराईत पाहायला मिळणार नाही.'