नातीच्या दहापट दगड

सिल्व्हर पार्कातल्या आमच्या नव्या घरात पहिला पाहुणा आला तो पडद्याची दांडी घेऊन. सामानाची खोकी अजून सुटली नव्हती. मी पाहुण्यासाठी खुर्ची शोधत होतो आणि वंदना, म्हणजे माझी बायको, चहाचं पातेलं शोधत होती. पाहुण्यांना दोन्हीची घाई नव्हती. त्यांनी दाराशी चपला काढल्या, मान वर केली आणि दांडीने आमच्या हॉलचं छत ठोकायला घेतलं. एका कोपऱ्यापासून सुरुवात. टक्. मग कान तिरका करून थांबायचं. डॉक्टर पाठीवर बोटं आपटून ऐकतात ना, अगदी तसं. पंख्यापाशी जरा शंका आली असावी, तिथे तीनदा ठोकलं. शेवटी दांडी भिंतीला टेकवून ते मला म्हणाले, "चांगलं आहे. बसा."

घर माझं होतं, पण मी बसलो.

हे तांबेकाका. राहायला आमच्या बरोबर वर. म्हणजे त्यांनी जे ठोकलं ते आमचं छत आणि त्यांची जमीन. इतकी वर्षं वरून चालतोय, एकदा खालून ऐकायचं राहिलं होतं, असं त्यांचं म्हणणं. जाताना दारात थांबून म्हणाले, "लक्षात ठेवा सावंत, आधी छत, मग माणूस." पुढच्या काही वर्षांत हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की कुणाच्याही घरी गेलो की माझीसुद्धा मान आधी वर जायला लागली. सासुरवाडीच्या लोकांना वाटलं, जावयाला मानेचा आजार आहे.

आडनाव तांबे असलं तरी माणसाचा जन्म शिशात गेला होता. राजस्थानात, अरवलीच्या पोटात एक शिशाची खाण होती. तिथे काका एकतीस वर्षं फोरमन होते. पाळी सुरू झाली की पहिलं काम लोखंडी कांब घेऊन छत ठोकण्याचं. घट्ट दगड खणखणीत बोलतो. सुटायला आलेला दगड बद्द बोलतो. बद्द बोललं की माणसं मागे. एकतीस वर्षांत माझ्या पाळीतल्या एकाच्याही डोक्यात दगड पडला नाही, हे काका ज्या सुरात सांगायचे त्या सुरात आमच्या बिल्डिंगमधले इतर लोक आपला मुलगा परदेशात असल्याचं सांगतात. काकांचा मुलगाही परदेशात होता, पण ते त्यांना मुद्दाम विचारावं लागायचं.

मीरा रोडला ही विद्या वाया गेली नाही. आमच्या बिल्डिंगला बिल्डरने कुठली रेती वापरली होती देव जाणे, पण दहा वर्षांत छतांना पोपडे आले. एकदा सेक्रेटरी शाहभाईंच्या स्वयंपाकघरात काकांची दांडी बद्द बोलली. काका म्हणाले, फ्रीज हलवा. शाहभाई हसले, पण बायकोच्या भीतीने फ्रीज हलवला. चार दिवसांनी फ्रीजच्या मोकळ्या जागेत ताटाएवढं प्लास्टर पडलं. तेव्हापासून शाहभाई काकांना वाटेत भेटले तरी आधी वर बघायचे.

फजितीही व्हायची. काशीमीऱ्याच्या एका नव्या हॉटेलात आम्ही त्यांना जेवायला नेलं. बसायच्या आधी काकांनी छत्रीच्या टोकाने वर ठोकलं आणि थर्माकोलसारखी एक लादी शेजारच्या टेबलावरच्या दाल फ्रायमध्ये येऊन पडली. मॅनेजर धावत आला. "अंकल, वो फॉल्स सीलिंग है." काका म्हणाले, छत आणि खोटं? आणि उठून बाहेरच्या खाटेवर, उघड्या आभाळाखाली जाऊन बसले. आम्ही तिघं हायवेच्या ट्रकांचा धूर खात जेवलो. आभाळ मात्र त्यांनी ठोकून पाहिलं नाही, हे त्यांचे उपकार.

त्यांच्या घरातलं शोकेस बघण्यासारखं होतं. आमच्या शोकेसमध्ये न वापरलेला टी-सेट आणि संगमरवरी ताजमहाल. त्यांच्याकडे दगड. काचेमागे नीट मांडलेले, आणि प्रत्येकाची ओळख नात्यातल्या माणसासारखी करून द्यायचे. ही गॅलेना, आमची थोरली, शिसं हिच्यातून निघतं. फोडली तरी चौकोनीच फुटते, वळणच तसं. पोटात चिमूटभर चांदीही असते, पण दाखवत नाही. हा तपकिरी तो जस्ताचा, तिच्या पाठचा, कायम तिला चिकटून. हा पिवळा पायराइट, सोन्याचा आव आणतो, प्रत्येक घरात एक असतो तसा. आणि हा पांढरा कॅल्साइट, कामाचा नाही पण स्वभावाने निर्मळ. मग हळूच गॅलेनाचा तुकडा पाहुण्याच्या तळहातावर ठेवायचे. दिसायला एवढासा, आणि हात खाली जायचा. प्रत्येकाचा जायचा. प्रत्येक वेळी काकांना तेवढाच आनंद व्हायचा. त्यानंतर साबण लावून हात धुतल्याशिवाय चहा नाही. "शिसं पोटात जातं ते बोटातून."

खाण पुढे बंद पडली. माल संपत आला होता म्हणे. पंप थांबवले आणि खाली पाणी भरू लागलं. काका कुसुमकाकूंना घेऊन इकडे आले, कारण मुलगा अनिल तेव्हा मुंबईत नोकरीला होता. वर्षभरात अनिल कॅनडाला गेला आणि त्यानंतर तीन वर्षांनी काकू गेल्या. राहिले काका आणि दगड. कधी गॅलरीत उभे दिसले की मी विचारायचो, काय काका, कसला विचार? ते म्हणायचे, "आता चौथ्या लेव्हलपर्यंत आलं असेल पाणी." मी मुंबईच्या पाणीकपातीविषयी काहीतरी बोलायचो आणि घरात यायचो. मला कळायचं नाही असं नाही.

अनिलला मुलगी झाली. पाच महिन्यांची झाली की तिला घेऊन ते दोघं येणार, आठ दिवस काकांकडे राहणार असं ठरलं. आणि एका रविवारी सुनेचा फोन आला. रुचा तिचं नाव. तिकडे डॉक्टर बाळ झालं की घरात जुना रंग आहे का, शिसं आहे का, सगळं विचारतात. बाबा, राग मानू नका, पण ते दगड घरात असतील तर मी बाळाला आणणार नाही.

काकांनी हे मला सांगितलं तेव्हा मी सुनेविरुद्ध बोलायची तयारी केली. शेजाऱ्याचं ते कर्तव्यच असतं. पण काका म्हणाले, "बरोबर बोलली ती. पोर हुशार आहे."

मग म्हणाले, अनिल लहान असताना मी पाळीवरून घरी आलो की तो धावत यायचा. कपड्यांवर धूळ असायची. मी दारातूनच ओरडायचो, लांब, लांब. मागच्या मोरीत अंघोळ करून येईपर्यंत तो कधी खेळायला गेलेला असायचा, कधी झोपलेला. "पुढे पुढे तो धावत यायचा बंद झाला. शहाणा मुलगा, एकदा सांगितलं की ऐकतो."

दगड माझ्याकडे ठेवायचे ठरले. आमच्या घरात लहान मूल नाही, हे कारण. पण त्याआधी दगडांना एक शेवटचं काम होतं. नातीसाठी झोळी बांधायची होती.

झोळीसाठी छताला हूक हवा. हूक कुठे बसवायचा ते ठरवायला काकांनी दोन दिवस स्वतःचं छत ठोकलं आणि खडूने फुल्या मारल्या. मग आम्ही काशीमीऱ्याला ट्रकच्या सामानाच्या दुकानात गेलो. काका एकेक हूक उचलून नखाने वाजवून बघत होते. दुकानदार कंटाळून म्हणाला, "चाचा, उठाना क्या है? इंजन?"

काका म्हणाले, "पोती." मराठीतली नव्हे, हिंदीतली.

दुकानदाराने हातातली साखळी खाली ठेवली, आत गेला आणि कागदात गुंडाळलेला एक हूक घेऊन आला. त्याबरोबर ताडपत्रीचा एक मजबूत तुकडा त्याने तसाच दिला.

खाणीचा नियम असा की ज्या दोराने माणसं खाली सोडायची, तो दहापट वजनाला टिकला पाहिजे. नात सहा किलोची. म्हणजे साठ. घरातले सगळे दगड मिळून एकसष्ट भरले. ते ताडपत्रीच्या झोळीत घालून काकांनी हुकाला लटकवले आणि चोवीस तास तसेच ठेवले. ते आमच्या हॉलच्या बरोबर वर. त्या चोवीस तासांत वंदनाने हॉलमध्ये पाऊल टाकलं नाही. मी टीव्ही बघितला, पण दारातून.

हूक पास झाला. दगड प्लास्टिकच्या दोन ड्रमांत भरून आमच्या गॅलरीत आले. काकांनी घर तीन वेळा ओल्या फडक्याने पुसलं. कोरडा झाडू मारायचा नाही, धूळ उडते. मग हुकाला खरी झोळी बांधली, काकूंच्या मऊ सुती लुगड्याची. शोकेस रिकामं, लख्ख.

आठ दिवसांचे चार झाले, कारण रुचाचं माहेर नाशिकला आणि तिची आजी आजारी. चाराचा एक झाला, कारण बाळाचं पोट बिघडलं आणि मीरा रोडचे डास तर प्रसिद्धच. शेवटी ते आले ते एका दुपारी, अडीच तासांसाठी, खाली टॅक्सी उभी ठेवून.

काकांनी मला चहाला बोलावलं होतं, म्हणून मी तिथे होतो. अनिल दाराशीच जरा थबकला. चाळिशीला आलेला माणूस, पण बापाच्या घरात शिरताना तो अजून कुणीतरी 'लांब' म्हणेल अशा बेताने उभा राहिला. रुचाने रिकामं शोकेस पाहिलं. "बाबा, सगळेच काढलेत?" तिने बाळाला काकांपुढे केलं. "घ्या ना."

काकांनी हात पुढे केले, मग मागे घेतले. "थांब. हात धुऊन येतो."

सकाळपासून त्यांनी दोनदा अंघोळ केली होती. तरी मोरीत नळ बराच वेळ वाहत राहिला. नखं, बोटांच्या बेचक्या, कोपरापर्यंत. परत येईपर्यंत बाळ कुरकुरलं आणि अनिलने त्याला येताना आणलेल्या परदेशी टोपलीत ठेवून हलवलं, आणि ते झोपलं. झोपलेल्या बाळाला उठवायचं नसतं, तिकडे तर मुळीच नाही. काका ओले हात तसेच धरून टोपलीपाशी बसले. त्यांनी एकच विचारलं, वजन किती? अनिल म्हणाला, बरोब्बर सहा.

बाळ टॅक्सीचा हॉर्न वाजेपर्यंत उठलं नाही. टोपलीसकट आलं, टोपलीसकट गेलं.

दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, काका, दगड वर आणू का? ते नको म्हणाले. पुढच्या वर्षी येतील, तेव्हा ती चालत असेल, सगळं तोंडात घालेल. पण हूक मात्र महिन्यातून एकदा तपासायला हवा, लोखंडाचा भरवसा नाही. तेव्हापासून दर महिन्याला मी ड्रम वर न्यायचो, लुगडं सोडून ताडपत्री बांधायचो, दगड भरायचो. दर रविवारी फोन व्हायचा आणि काका सगळ्यांत आधी नातीचं वजन विचारायचे. सात झाली, तेव्हा सत्तर हवे होते. कमी पडले ते शाहभाईंनी आणलेल्या तांदळाच्या गोणीने भरून काढले.

'पुढच्या वर्षी' ते आले नाहीत. अनिलला रजा मिळाली नाही.

ते कळलं त्या रविवारी काका खाली आमच्याकडे आले. दांडी न घेता, हे मला नंतर आठवलं. "नऊ झाली," ते म्हणाले. "नव्वद लागतील." मग त्यांनी मला खालून वर, छत बघावं तसं न्याहाळलं. "सावंत, तुम्ही किती?"

मी ऐंशी म्हणालो. वंदना स्वयंपाकघरातून म्हणाली, चौऱ्याऐंशी.

"सहा कमी," काका म्हणाले. आमच्या गॅलरीतल्या ड्रममध्ये त्यांनी बराच वेळ हात घातला, एक दगड निवडला, नळाखाली घासून घासून धुतला आणि धुतलेल्या पंच्यात गुंडाळला. आम्ही वर गेलो.

शेहेचाळिसाव्या वर्षी मी ताडपत्रीच्या झोळीत बसलो. गुडघे हनुवटीला लागले होते. दोर करकरला आणि गप्प झाला. मी एक हात बाहेर काढला, वीट घ्यावी तसा, म्हणजे तो गॅलेनाचा तुकडा घेऊन परीक्षा एकदाची आटपावी. काका मागे सरले.

"असं नाही. दोन्ही हात. एक मानेखाली घ्या."

मी दोन्ही हात पुढे केले. पंच्यातलं ते सहा किलोचं गाठोडं त्यांनी माझ्या हातात सावकाश ठेवलं आणि पंच्याचं टोक जरा बाजूला सारलं. मग झोळीला हलकासा झोका दिला. हुकाची परीक्षा होती. पण काकांनी एकदाही वर बघितलं नाही.