अमरवेलीचा साक्षीदार

लाखनीत कुंपणावर अमरवेल दिसली की लोक ती ओरबाडून जाळतात. माझे मामा मात्र ती ओल्या फडक्यात गुंडाळून, एसटीत खिडकीशी बसवून घरी आणायचे. कंडक्टरनं विचारलं तर म्हणायचे, "पाहुणी आहे. तिले ना मूळ ना पान. अर्धं तिकीटही लागत नाही."

मामांना जाऊन दोन महिने झाले. विज्ञानाचे मास्तर. निवृत्तीनंतर त्यांनी अंगणातल्या झेंडूंवर वेली चढवल्या. मामी म्हणायची, "लोकं झेंडू हारासाठी लावतेत. आमचे हे, मारासाठी!"

मामांचं म्हणणं असं: वेल झाडाला वेढा घालते, तिथं तिच्या अंगातली संप्रेरकं जागी होतात, खोडालाच चोषकं फुटून झाडात शिरतात. मग ती नुसता रस पीत नाही, झाडाचे निरोपही पिते. "पानच नाही तं तिले ऋतू कसा कळन? झाड फुलाले लागलं का त्याचा निरोप येते, मंग हे बी फुलते. चोरी नाही बापू, कान देऊन राहिली ते."

हे पडताळायला त्यांनी एक झेंडू लवकर लावला, एक उशिरा. दोन्हींवर एकाच वेलीचे तुकडे. पण एकट्यानं पाहिलेलं त्यांना मंजूर नव्हतं. "दोन डोळे म्हणजे वहीम, चार डोळे म्हणजे पुरावा." उरलेले दोन माझे, कारण मी नागपुरात वनस्पतिशास्त्र शिकवतो. महिनाभर त्यांचे फोन आले. स्टाफरूममध्ये मी त्यांची नक्कल करून दाखवायचो. ती छान जमायची.

त्याच महिन्यात एका दुपारी मी एका लग्नासाठी लाखनीतच आलो होतो. मामांना कळवलं नव्हतं. हायवेवरच्या हॉटेलात मित्रांबरोबर चहा घेताना फोन वाजला.

"बापू, फुलली! लवकरच्या झेंडूवरची. दुसरी अजून कोरी आहे. आजच ये."

"मामा, मी नागपुरात आहे. परीक्षा चालू आहेत."

मित्र हसले. मग त्यांतला एक हसता हसता थांबला आणि माझ्या मागे पाहू लागला. मी वळलो. बसथांब्यापाशी, एका हातानं सायकल सावरत, फोन कानाला लावून मामा उभे होते. मी येणारच, असं धरून ते फोन करायच्या आधीच मला घ्यायला आले होते.

नजरानजर झाली. त्यांनी लगेच पाठ फिरवली, जणू मी दिसलोच नाही.

"बरं बरं," फोनमध्ये त्यांचा आवाज आला. "परीक्षा सोडून नको येऊ. नागपुरात ऊन तपून राहिलं असन. टोपी घालजो."

फोन त्यांनीच ठेवला. घराचा सरळ रस्ता हॉटेलासमोरून जात होता. मामांनी सायकल उलटी वळवली आणि तळ्यामागच्या लांबच्या वाटेनं गेले.