डेल्बर्टची राख आणि दोन पवनचक्क्या

कोणतीही गोष्ट एकुलती एक असते तोवर तिच्या बरेवाईटपणाबद्दल कोणी तोंड उघडत नाही. तिला बहीण झाली, की दुसऱ्या दिवसापासून थोरली सावळी पण स्वभावाने गरीब, धाकटी गोरी पण तोऱ्याची, अशी मापं निघू लागतात. हा नियम मुलींना लागू आहे तसाच करमणुकीच्या उद्यानांनाही लागू आहे. अमेरिकेत मुलींची अशी मापं चारचौघांत काढणं आता असभ्य समजलं जातं, त्यामुळे तिथे सगळा भार उद्यानांवर येऊन पडला आहे.

ऑटरवुड नावाची दोन उद्यानं आहेत. थोरलं कॅलिफोर्नियात, पश्चिम किनाऱ्यावर. धाकटं फ्लोरिडात, पूर्व किनाऱ्यावर. दोन्हीकडे मधोमध पवनचक्की. दोन्हीकडे लाल जाकीट घातलेलं चेस्टर नावाचं पाणमांजर. दोन्हीकडे 'चेस्टरची नौका' ही सफर, तेच गाणं, त्याच लाटा. दोन्हीकडचे कर्मचारी निरोप देताना 'दिवस चिंब जावो!' असं म्हणतात, कारण तसं न म्हटल्यास लेखी खुलासा द्यावा लागतो. डोळे असलेल्या कोणालाही ही एकच गोष्ट दोनदा केलेली दिसेल. पण अशी माणसं वार्षिक पास काढत नाहीत. पास काढणाऱ्यांना फरक दिसतात. (एका निवृत्त दंतवैद्याने या फरकांची यादी केली असून तीत तीनशे चौदा नोंदी आहेत. तेविसावी नोंद 'कबुतरांचा स्वभाव' अशी आहे.)

व्हर्ना स्टॅम्पर आणि तिचा नवरा डेल्बर्ट हे दोघेही पासधारक. डेल्बर्टचा जन्म पश्चिमेच्या पवनचक्कीपासून दहा मिनिटांवरचा. व्हर्ना पूर्वेच्या पवनचक्कीच्या सावलीत वाढलेली. दोघांची गाठ पडली ती पासधारकांच्या अधिवेशनात, 'कोणतं ऑटरवुड खरं?' या परिसंवादात, परस्परविरोधी खुर्च्यांवर. परिसंवाद दोन तासांत संपला, वाद एकेचाळीस वर्षं चालला. मधल्या काळात त्यांनी लग्न करून घेतलं, म्हणजे प्रत्येक वेळी फोन करायला नको.

लग्नानंतर ते कॅन्सस राज्यातल्या सलायना गावी राहिले. तिथे दोघांचंही कोणी नव्हतं, समुद्र नव्हता, डोंगर नव्हता. पण नकाशावर पट्टी ठेवून पाहिलं तर दोन्ही ऑटरवुड तिथून सारखीच लांब भरत होती, आणि एवढं कारण त्यांना पुरेसं वाटलं. सुट्टी विषम वर्षी पश्चिमेला, सम वर्षी पूर्वेला. (मूल होऊ दिलं नाही. विषम वर्षी झालं असतं तर ते पश्चिमेच्या बाजूने गेलं असतं, ही जोखीम व्हर्नाला पत्करायची नव्हती.)

वाद साधारण असा होई.

"आमची चक्की एकसष्ट फूट," डेल्बर्ट म्हणे. "माणसाच्या मापाची. हात केला तर ती ओळख दाखवेल असं वाटतं."

"आमची एकशे चाळीस. चक्की कशी मान वर करून बघायची असते, डेल. मान खाली घालून बघायला ती काय चप्पल आहे?"

"तुमच्याकडे सगळं ऐसपैस, कबूल. दलदल ऐसपैसच असते."

"आणि तुमच्याकडे सगळं जवळजवळ. रांगेत पुढच्याचा घाम आपल्याला येतो."

असे अदमासे अकरा हजार वाद झाले असावेत. निकाली निघालेले शून्य. शेजाऱ्यांना वाटे हे दोघे लवकरच वेगळे होणार. त्या शेजाऱ्यांचे स्वतःचे घटस्फोट एकामागून एक होत गेले, आणि हे दोघे स्वयंपाकघरात कबुतरांवरून भांडत राहिले.

मग यंदाच्या मार्चमध्ये, मंगळवारी सकाळी नाश्त्याच्या टेबलावर, "तुमच्या कॉर्नडॉगचं पीठ म्हणजे—" एवढं बोलून डेल्बर्ट खुर्चीतच कलला. हृदय. उद्यानात काडीला टोचून मिळणाऱ्या त्या तळलेल्या सॉसेजचं पीठ म्हणजे काय, ते राहूनच गेलं. व्हर्ना कितीतरी आठवडे त्या खुर्चीकडे बघून म्हणत असे, "काय झालंय पिठाला? बोल ना."

डेल्बर्टच्या मृत्युपत्रात बाकी सगळं सरळ होतं. कलम सात मात्र असं होतं: 'माझी राख दोन ऑटरवुडांपैकी जे सरस असेल तिथे, चेस्टरच्या नौकेतून, दुसऱ्या वळणावर सोडावी. कोणतं सरस, ते व्हर्नाला ठाऊक आहे.'

वकिलाने ते दोनदा वाचलं. मग कागद ओढून घेऊन व्हर्नाने स्वतः वाचलं. याचा अर्थ काय लावायचा? जाताजाता डेल्बर्टने हार मानली होती, की तिच्याकडूनच ती कबूल करून घेण्याचा शेवटचा डाव टाकला होता? पूर्वेला सोडलं तर मेलेल्या माणसाला हरवल्यासारखं होणार. पश्चिमेला सोडलं तर एकेचाळीस वर्षांवर पाणी. आणि ज्याला विचारायचं तो तर मासेमारीला न्यायच्या मोठ्या थर्मासमध्ये बसलेला.

इथे एक खुलासा आवश्यक आहे. उद्यानाच्या आवारात मानवी अवशेष सोडण्यास सक्त मनाई आहे. तशी पाटी कुठेही नाही, कारण पाटी लावली तर ज्यांना सुचलं नव्हतं त्यांनाही सुचेल. पासधारकांत मात्र हा संस्कार रूढ आहे. ज्या देशात माणसं आजोबांच्या गावाचं नाव सांगू शकत नाहीत, तिथे त्यांनी आपल्यापुरतं एक तीर्थ शोधलं, तर त्यात हसण्यासारखं काही नाही. कर्मचाऱ्यांनी या प्रकाराला 'नंबर नऊ' असं नाव ठेवलं असून, त्यासाठी राख ओढून घेणारं, खास बारीक गाळणीचं यंत्र दोन्हीकडे तैनात असतं.

डेल्बर्टची बहीण नेडीन कॅलिफोर्नियातच राहते. तिने फोनवर व्यवहारी तोडगा काढला.

"अगं, अर्धा इकडे, अर्धा तिकडे. संपलं."

"बरोबरी?" व्हर्ना कडाडली. "एकेचाळीस वर्षांत एकदा तरी बरोबरी झाली का आमची? आणि आता तो बोलू शकत नाही म्हणून उरकून घेऊ?"

"मग आमच्याकडेच सोड. त्याला काय आवडायचं ते सगळ्या गावाला ठाऊक होतं."

"सरस कोणतं असं लिहिलंय, नेडीन. आवडतं कोणतं असं नाही लिहिलेलं."

तेव्हा व्हर्नाने रीतसर तौलनिक पाहणी करायचं ठरवलं. दोन्ही ठिकाणी डेल्बर्टला प्रत्यक्ष घेऊन जायचं, प्रत्येक सफर त्याच्यासोबत करायची, आणि मगच काय ते ठरवायचं.

पश्चिमेच्या फाटकावर सुरक्षा रक्षकाने थर्मासकडे बोट दाखवलं. "यात काय आहे, मॅम?"

खोटं बोलणं व्हर्नाला कधी जमलंच नाही. "नवरा," ती म्हणाली.

"दिवस चिंब जावो!" रक्षक म्हणाला आणि पुढच्या पिशवीकडे वळला.

नेडीन दिवसभर सोबत होती, आणि तेच नडलं. "बघ, किती घरगुती," ती पवनचक्कीजवळ म्हणाली.

"घरगुती? अगं, त्या माणसाचं आइस्क्रीम माझ्या खांद्यावर आहे."

"कबुतरं बघ किती प्रेमळ."

"प्रेमळ कसली, लोचट आहेत."

प्रत्येक मुद्द्यावर व्हर्नाने नेडीनला गप्प केलं. तरीही ती अन्याय करणारी बाई नव्हती. दुपारी नौकेत बसताना तिने थर्मास मांडीवर घट्ट धरला, आणि पहिल्या वळणावर चेस्टरने पंजा हलवला तेव्हा तिला हुंदका आला. डेल्बर्ट दरवेळी त्या प्लास्टिकच्या पाणमांजराला उलट हात करायचा. सत्तरी ओलांडली तरी करायचा. आज कोणी केला नाही म्हणून शेवटी तिनेच केला. दुसरं वळण आलं. तिने झाकण फिरवलं.

"चला," नेडीन डोळे पुसत म्हणाली, "शेवटी तुला पटलं म्हणायचं."

व्हर्नाने झाकण परत लावलं.

तीन आठवड्यांनी ती पूर्वेला पोहोचली. एकटी. हवा ओल्या टॉवेलसारखी अंगाला चिकटत होती, पण तक्रार करायला कोणी नव्हतं. "बघ, किती ऐसपैस," ती सवयीने म्हणाली आणि उत्तराची वाट बघत थांबली. मागून एका कुटुंबाने बाबागाडी तिच्या घोट्यावर आदळून माफी मागितली, तेवढंच. एकशे चाळीस फुटांची चक्की तिला त्या दिवशी नुसतीच उंच वाटली.

नौकेच्या रांगेत पंच्याऐंशी मिनिटं लागणार असं पाटीवर होतं. तिच्यापुढे ब्रँडी-लिन नावाची फ्लोरिडाचीच एक बाई होती. तिच्या कुटुंबातल्या नऊही जणांच्या सदऱ्यांवर 'आमची चाळिसावी भेट' असं छापलेलं होतं. रांगेत बोलायला दुसरा विषय कोणालाच नसतो.

"तिकडचं पाहिलंय का तुम्ही?" ब्रँडी-लिनने नाक मुरडलं. "आम्ही एकदा गेलो होतो. अहो, खेळणं आहे ते! वाहनतळात उभं राहून वाटतं, सगळं बघून झालं."

व्हर्नाने मान डोलवायला हवी होती. हेच वाक्य ती स्वतः एकेचाळीस वर्षं म्हणत आली होती. पण तिच्या तोंडातून भलतंच निघालं.

"खेळणं? बाई, मूळ आहे ते मूळ! तुमचं काय, नक्कल मोठी करून टांगलीय. ती चक्की माणसाच्या मापाची आहे, कळलं? हात केला तर ओळख दाखवते. आणि ऐसपैसचं कौतुक मला सांगू नका. दलदल ऐसपैसच असते!"

बोलताना तिचं बोट डेल्बर्टसारखं हवेत नाचत होतं. नऊच्या नऊ सदरे दोन पावलं मागे सरले. व्हर्ना तावातावाने कबुतरांपर्यंत आली, चोवीस मिनिटं बोलली, आणि मध्येच थांबून ढसाढसा रडली. तिला डेल्बर्टची सगळी बाजू तोंडपाठ होती. फक्त त्या पिठाचं तेवढं माहीत नव्हतं.

डोळे कोरडे झाल्यावर तिने शांतपणे विचार केला. पश्चिमेला ठेवलं तर डेल्बर्टला सगळंच पसंत पडणार. मग हा माणूस अनंतकाळ करणार काय? पसंतीत त्याला कधी दोन वाक्यांहून जास्त बोलता आलंच नव्हतं. इथे मात्र उकाडा होता, डास होते, फाजील उंच चक्की होती. इथे त्याला जन्मभर पुरेल एवढी तक्रार होती, आणि जन्म संपल्यावरही पुरली असती. सरस म्हणजे काय, ते व्हर्नाला आता कळलं.

दुसऱ्या वळणावर तिने थर्मास उपडा केला. "घे," ती म्हणाली, "आता बस कुरकुरत."

नौका धक्क्याला लागली तेव्हा मार्सेला नावाची कर्मचारी यंत्र घेऊन उभीच होती. कॅमेऱ्यात सगळं दिसलं होतं.

"नंबर नऊ, मॅम?"

"हो. माझा नवरा."

"फार वाईट झालं." मार्सेलाने टोपी काढली, पाच सेकंद थांबली (नियमावलीत पाचच आहेत), आणि फॉर्म पुढे केला. मग जरा जवळ येऊन म्हणाली, "पण जागा चांगली निवडलीत हां. गेल्या वर्षी आमच्याकडे एकोणतीस झाले. तिकडे फक्त चोवीस. आणि आमचं यंत्र त्यांच्या दुप्पट ताकदीचं आहे."

"असेल," व्हर्ना उसळून म्हणाली, "पण तिकडचं जिव्हाळ्याने ओढत असेल."

मार्सेला चिडली. दोघींचं धक्क्यावर चांगलंच जुंपलं, मागे चार नौका तुंबल्या, आणि तेवढ्यात डेल्बर्ट यंत्राच्या आवाक्याबाहेर, लाटांबरोबर तिसऱ्या वळणाकडे निघून गेला.

आता वाचकांविषयी. तुम्ही या दोहोंपैकी एकाही ऑटरवुडमध्ये पाऊल ठेवलेलं नाही. एकही चक्की पाहिलेली नाही, कबुतरांशी ओळख नाही. एवढं सगळं मोठ्या माणसांचं पोरकट खूळ आहे, असं तुम्ही पहिल्या परिच्छेदापासून म्हणत आलात. तरीही व्हर्नाने डेल्बर्टला चुकीच्या ठिकाणी सोडलं, किंवा अगदी योग्य ठिकाणी सोडलं, यांपैकी एक मत तुमचं एव्हाना पक्कं झालेलं आहे, आणि ते का बरोबर आहे याची तीन कारणंही तयार आहेत. ती कारणं घरात कोणाला तरी ऐकवा. समोरून नेमकं उलटं मत निघेल. आणि ऐकवायला घरात कोणी उरलं नसेल, तर सलायनाला फोन करा. व्हर्ना हल्ली दोन्ही बाजूंनी भांडते.