चौथ्या गाण्यातली बिजागरी

लॉरेल लिकच्या दरीत होबार्ट स्लोन यांच्या घराला जाळीचं एक दार होतं आणि त्या दाराची वरची बिजागरी गेली बावीस वर्षं करकरत होती. या करकरीला काही सांस्कृतिक मोल आहे, अशी शंका कोणालाच आली नव्हती. दार उघडलं की ती आपली करकरे. होबार्टची बायको ऑर्लीना दर आठवड्याला त्याला तेल घालायला सांगे आणि होबार्ट दर आठवड्याला "शनिवारी घालतो" म्हणे. असे अकराशेच्या वर शनिवार आले आणि गेले. तेलाचा डबा होबार्टच्या झुलत्या खुर्चीपासून चार पावलांवर होता. पण चार पावलं काही माणसांना तीर्थयात्रेइतकी लांब पडतात. ऑर्लीना स्वतः स्टुलावर चढायला निघाली, की तो दुखावून म्हणे, "निदान तेवढं एक काम तरी राहू दे मला." नवऱ्याचं एकुलतं एक काम हिसकावून घ्यायला तिचं मन धजत नसे.

तिचा भाचा डॉइल कंट्री गाणी म्हणे. तो तिच्या मोठ्या बहिणीचा, आयोनीचा मुलगा. तो नऊ वर्षांचा असताना आयोनी गेली आणि पुढे त्याला मावशीनेच वाढवलं. त्याच्या चौघांच्या लॉरेल लिक बँडचा पहिला अल्बम नॅशव्हिलला काचेच्या खोलीत रेकॉर्ड झाला होता. स्वच्छ, सुरेल, कुठे बोट ठेवायला जागा नाही. एकशे ऐंशी प्रती खपल्या, त्यातल्या चाळीस मावशीने चर्चमध्ये वाटल्या. समीक्षकांनी एका ओळीत निकाल लावला: 'मातीचा वास नाही.'

दुसऱ्या अल्बमला काचेची खोली परवडेना, म्हणून चौघं रेकॉर्डिंगचं यंत्र घेऊन मावशीच्या ओसरीवर येऊन बसले. चौथं गाणं डॉइलने आपल्या आईवर लिहिलं होतं. कडवी तीन. ऑर्लीना पायरीवर बसून शेंगा निवडत, डोळे मिटून ऐकत होती. दुसरं कडवं संपतासंपता तिला बिडाच्या तव्यावरचा मक्याचा पाव लागल्याचा वास आला. ती पावलं न वाजवता आत पळाली. पावलं वाजली नाहीत, दार मात्र वाजलं. पाव उतरवून परत येते, तर गाणं संपलेलं.

"मेलं माझं दार!" ती कळवळून म्हणाली. "परत म्हणा रे बाळांनो."

"मावशी, यंत्र भाड्याचं आहे, पाचला परत द्यायचंय," डॉइल म्हणाला. "राहू दे. ऐकतंय कोण?"

"मी ऐकतेय की. तिसरं कडवं राहिलं माझं."

"नंतर म्हणून दाखवतो. कुठे पळून जातंय?"

त्या घरातल्या 'नंतर'चा पत्ता ऑर्लीनाला चांगला ठाऊक होता. होबार्टच्या शनिवारांच्या शेजारचं घर.

अल्बम बाहेर पडला आणि तीन आठवड्यांत देशभर गेला. पहिल्यावर एक ओळ लिहिणाऱ्यांनी दुसऱ्यावर पानंच्या पानं लिहिली. 'चौथ्या गाण्यात, दोन मिनिटं एकोणचाळिसाव्या सेकंदाला, या डोंगरांचं शतकभराचं दुःख एका बिजागरीतून बोलतं.' दुसऱ्याने लिहिलं की हा गंज पावसाचा नव्हे, इतिहासाचा आहे. होबार्टने ते दोनदा वाचलं आणि चष्मा पुसला.

"बघितलंस ऑर्लीना? तुझं ऐकून तेल घातलं असतं, तर आज कुठे असतो आपण?"

"झोपलेले असतो," ऑर्लीना म्हणाली. दुपारचे दोन वाजले होते आणि ओसरीवर ओहायोहून आलेली सात माणसं दार उघडून मिटून पाहत होती.

तिला कौतुक नको होतं असं नाही. भाच्याचं भलं झालं, याबद्दल ती रोज देवाचे आभार मानी. तिचं मागणं एवढंच, की ते तिसरं कडवं एकदा कानावर पडावं. पण रेडिओवर गाणं करकरीपर्यंत वाजे आणि मग निवेदक उसासा टाकून जाहिरातीकडे वळे. जत्रेतल्या कार्यक्रमाला ती पहिल्या रांगेत जाऊन बसली, तर करकर होताच सहा हजार माणसं उभी राहून गर्जली आणि कडवं त्याखाली गाडलं गेलं. घरची प्रत लावावी, तर होबार्ट सुई उचलून पुन्हा आपल्या बिजागरीवर ठेवी. आणि एक दिवस त्याने ती प्रतही एका संग्राहकाला प्रेमाने देऊन टाकली. नवी प्रत आली, त्यात लोकाग्रहास्तव करकर लांबवलेली होती. तिसऱ्या कडव्याच्या शेवटापर्यंत.

एका रविवारी चर्चनंतर डॉइल जेवायला आला. तिने त्याला घेवडा वाढला आणि विचारलं, "काय रे, काय आहे त्या तिसऱ्या कडव्यात?"

डॉइलने काटा खाली ठेवला. "मावशी, रागावणार नाहीस?"

"आधी सांग. मग ठरवते."

"सात महिने झाले, तिथे मला गावंच लागत नाही. लोक ओरडतात, मी नुसतं तोंड हलवतो. परवा सहज आठवून पाहिलं... पहिली दोन येतात."

"आईवरचं गाणं ना रे ते?"

"म्हणून तर कोणाला सांगितलं नाही."

"कागद असेल ना लिहिलेला?"

"कंपनीने फ्रेम करून घेतलाय. तिसऱ्या कडव्यावर बिजागरीचं चित्र चिकटवलंय."

ऑर्लीना रागावली नाही. तिने त्याला आणखी घेवडा वाढला. आयोनी असती, तर तिनेही तेच केलं असतं.

पुढच्याच आठवड्यात राज्य श्राव्य वारसा मंडळाचं पत्र आलं, आणि पत्रापाठोपाठ मंडळाचे निरीक्षक थर्मन पेटस आले. गृहस्थ सभ्य होते. आत येताना त्यांनी टोपी काढली, नाकाला रुमाल लावला आणि नोंदवही उघडली. सदर बिजागरी ही श्राव्य वारसा, वर्ग एक, म्हणून घोषित झाली असून तिच्या तीस फुटांच्या परिघात कोणताही स्निग्ध पदार्थ बाळगण्यास मनाई होती. होबार्टचा तेलाचा डबा सीलबंद करून नेण्यात आला. बावीस वर्षांत तो प्रथमच जागचा हलला.

"मिसेस स्लोन, हे चरबीचं भांडं चुलीवर उघडं आहे," पेटस म्हणाले.

"घेवड्यात घालते मी, साहेब."

"त्याची वाफ वर जाते. वर गेलेली वाफ खाली बसते. ती कुठे बसेल, याची हमी आपण देऊ शकाल का?"

देवाची हमी तिने डोळे मिटून दिली असती. वाफेची कशी देणार? चरबीचं भांडंही गेलं. राहिली ती फक्त तिच्या पर्समधली बोटभर बाटली. आजाऱ्याच्या कपाळाला लावायचं, पाद्र्याने प्रार्थना करून दिलेलं तेल होतं ते. पेटस यांनी ती उजेडात धरून पाहिली आणि 'धार्मिक वस्तू, कलम सातनुसार वगळली' अशी नोंद करून आदराने परत दिली.

दार दिवसातून बारा वेळा उघडायचं ठरलं. अकरा वेळा पाहुण्यांसाठी, सोडतीने. एक वेळ कुटुंबासाठी. ती होबार्ट सकाळी टपाल आणायला वापरी.

आता पंचाईत अशी, की ऑर्लीनाचा चाळीस वर्षांचा नेम होता. सूर्य उगवण्याआधी ओसरीवर बसायचं आणि चर्चच्या यादीतल्या आजाऱ्यांसाठी एकेकाचं नाव घेऊन प्रार्थना करायची. ना हिमात खंड, ना तापात. तिने पेटसांकडे एक जादा उघडणी मागितली. त्यांनी अर्ज घेतला, पोच दिली आणि कळवलं की प्रार्थना ही दाराशी थेट निगडित क्रिया नसल्यामुळे अर्जदाराने पर्यायी मार्ग वापरावा. पर्यायी मार्ग म्हणजे स्वयंपाकघराची खिडकी. एकाहत्तर वर्षांची बाई रोज पहाटे स्टुलावर चढून, स्कर्ट सावरत, खिडकीतून देवाकडे जाऊ लागली.

"जपून गं," होबार्ट अंथरुणातून म्हणे.

"पडत नाही मी."

"तुझं नाही म्हणत. दाराला धक्का लागेल."

तिने यादीच्या शेवटी पेटसांचं नाव घातलं. पुढे 'आजार ठाऊक नाही' असं लिहिलं. दोन दिवसांनी त्याखाली होबार्टचं घातलं. त्याचा आजार ठाऊक होता.

हिवाळ्यात मोठं संकट आलं. पेटसांच्या मापकाप्रमाणे करकर तीन अंशांनी उतरली होती. मंडळाची तातडीची बैठक झाली. बिजागरीवर दिवसातून तीनदा मिठाचं पाणी शिंपडायचं ठरलं. पण नुसत्या पाण्याने भागणार नव्हतं; मूळ निर्माणप्रक्रिया समजून घेणं आवश्यक होतं. बिजागरी या अवस्थेला कशी आली? तर दुर्लक्षाने. असं अखंड दुर्लक्ष कोणी केलं? चौकशीअंती होबार्ट यांची 'मानद दुर्लक्ष सल्लागार' म्हणून नेमणूक झाली. गळ्यात ओळखपत्र घालून तो खुर्चीत झुलू लागला. दूरदूरच्या गावांहून लोक आपापल्या फाटकांचे फोटो घेऊन त्याच्याकडे येत.

"घाई करू नका," तो गंभीरपणे सांगे. "रोज मनात आणायचं, पण करायचं नाही. नुसतं विसरून चालत नाही. विसरलात, तर एखाद दिवशी आठवेल."

अल्बमला वर्ष झालं, त्या दिवशी मंडळाने ओसरीवर सोहळा ठरवला. बँड चौथं गाणं म्हणणार आणि नेमक्या क्षणी मूळ दार उघडणार होतं. पेटसांनी कार्यक्रमपत्रिका आणून दिली. ऑर्लीनाने चष्मा लावून ती वाचली.

"साहेब, इथे दारानंतर 'टाळ्या, दीड मिनिट, उभे राहून' असं आहे."

"होय. मंजूर झालंय."

"मग तिसरं कडवं?"

"ते टाळ्यांमध्ये अंतर्भूत आहे."

सोहळ्याच्या दिवशी पहाटे ती खिडकीतून उतरली, ओसरीवर बसली आणि यादी उघडली. एकेकाचं नाव घेतलं. एडीथचा गुडघा. लहानग्या वेडचा दमा. शेवटी पेटस, होबार्ट. मग दरीबाहेरून येणारी तीनशे माणसं डोळ्यांपुढे आली. त्यांची नावं तिला ठाऊक नव्हती. एवढ्यांच्या कपाळांना पुरेल इतकं तेल बाटलीत नव्हतं. तिने बाटलीकडे पाहिलं. हे तेल आजाऱ्यांसाठी होतं, भलतीकडे वापरलं तर पाप. पण दुखणं तीनशेजणांचं असलं, तरी ते जडलं होतं एकाच जागी.

तिने खिडकीतून हात घालून आतलं स्टूल ओढून घेतलं. वर चढली. "प्रभू, हिला बरं वाटू दे," म्हणाली आणि बिजागरीवर तीन थेंब सोडले.

दुपारी अंगण भरलं. डॉइलने पहिलं कडवं म्हटलं, दुसरं म्हटलं. होबार्ट ओळखपत्र सरळ करून उठला आणि त्याने दार ढकललं.

दार उघडलं. नुसतं उघडलं.

पेटसांनी मापकावर टिचकी मारली. काटा शून्यावर. त्यांनी तो कानाशी धरून हलवला. तीनशे माणसं उभी राहण्याच्या बेतात, अर्धवट वाकून थांबली होती. कोणी आधी बोलावं? ऐकू आलं नाही म्हणावं, तर आपलाच कान अशिक्षित ठरायचा. इतक्यात पहिल्या रांगेतल्या, इतिहासाचा गंज ओळखणाऱ्या समीक्षकाने डोळे मिटले. गालावरून एक थेंब ओघळला.

"अहाहा," तो पुटपुटला. "केवढी परिपक्वता!"

ते मागपर्यंत पोचलं. कोणी मान डोलावली, कोणी छातीवर हात ठेवला. एका बाईने शेजारणीला कुजबुजून सांगितलं की मागच्या वेळेपेक्षा आज ती जास्त खोलवर लागली. टाळी मात्र कोणी वाजवली नाही. असल्या नाजूक करकरीवर टाळ्या वाजवणार कोण? अंगणात टाचणी पडली असती, तर ऐकू आली असती.

डॉइल तोंड नुसतं हलवत होता. आजूबाजूला शांतता आहे, हे त्याच्या उशिरा लक्षात आलं. बॅन्जो चालूच होता. त्याने घाबरून मावशीकडे पाहिलं. ती पायरीवर त्याच जागी, तशीच शेंगांची टोपली घेऊन, डोळे मिटून बसली होती. वर्षापूर्वी बसली होती तशी.

आणि त्याला आठवलं. आधी घोगऱ्या, मग स्वच्छ आवाजात त्याने तिसरं कडवं म्हटलं. पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत.

"श्श!" मागून कोणीतरी दटावलं. "दार ऐकू द्या हो!"

ऑर्लीनाने एप्रनने डोळे पुसले. आज चुलीवर काही ठेवलेलं नव्हतं.

होबार्ट तिच्याजवळ येऊन वाकला. त्याचं नाक बिजागरीच्या बाजूला वळलेलं होतं. "तू तेल घातलंस," तो दबक्या आवाजात म्हणाला.

"शनिवार आहे आज," ऑर्लीना म्हणाली.

मंडळाने मापक दुरुस्तीला पाठवला. अहवालात नोंद झाली की करकर आता श्राव्यतेच्या पलीकडे गेली असून तिला वर्ग एकमधून विशेष वर्गात बढती देण्यात येत आहे. सोडतीची तिकिटं दुप्पट झाली. ऑर्लीनाने यादीतलं पेटसांचं नाव खोडलं नाही.

तिसऱ्या कडव्याविषयी कोणत्याही वर्तमानपत्रात अक्षर आलं नाही. आयोनीबद्दल त्यात काय होतं, ते ऑर्लीनाला ठाऊक आहे आणि विचारणाऱ्याला ती आनंदाने सांगेल. अजून कोणी विचारलेलं नाही. कडवं तर भर दुपारी, सगळ्यांदेखत म्हटलं गेलं. आत्ता, तुमच्याही समोर. पण तुमचाही कान तेव्हा दाराकडेच लागला होता ना?